मुलींच्या शाळेचे स्नेहसंमेलन : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की मुलींच्या शाळेत एकच प्रश्न सुरू होतो, 'यंदा गॅदरिंग कधी?' सहामाहीचे पेपर अजून हातात पडलेले नसतात, गणिताच्या बाई राहिलेल्या धड्यांची यादी फळ्यावर लिहीत असतात. पण मागच्या बाकांवर नाचाला कोण, नाटकाला कोण, कोणाच्या आईकडे नऊवारी आहे, याचीच चर्चा रंगलेली असते. ही संमेलने आपण सर्वांनी पाहिली आहेत. इतकी पाहिली आहेत की त्यांच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे असे कोणाला वाटत नाही. समाजशास्त्राच्या तासाला सरांनी 'परिचयाच्या एखाद्या प्रसंगाचे निरीक्षण' करावयास सांगितले, तेव्हा वर्गातील बहुतेकांनी लग्न किंवा जत्रा निवडली. मी माझ्या जुन्या शाळेचे स्नेहसंमेलन निवडले आणि गेल्या डिसेंबरात तीन दिवस वही घेऊन तेथे जाऊन बसले. ज्या मैदानावर सहा वर्षे वावरले, त्याच मैदानावर बऱ्याच गोष्टी नव्याने दिसल्या. त्या येथे मांडीत आहे.

नाव आणि काळ

स्नेहसंमेलन म्हणजे स्नेहाने एकत्र येणे. शाळेत रोजच एकत्र येणाऱ्यांनी पुन्हा एकत्र काय यायचे, असा प्रश्न मला लहानपणी पडे. त्याचे उत्तर असे की या दिवशी रोजचे नसलेले लोक येतात : माजी विद्यार्थिनी, पालक, शाळासमितीचे सभासद, गावातील प्रतिष्ठित मंडळी. रोज बंद असणारे शाळेचे मोठे फाटक या दिवशी सताड उघडे असते.

याला आपण वर्षअखेरचा सोहळा म्हणतो. पण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपते आणि संमेलन होते डिसेंबर-जानेवारीत. असे का? एक कारण पावसाचे. बहुतेक शाळांना सभागृह नसते. व्यासपीठ मैदानावरच उभारावे लागते. दुसरे कारण शेतीचे. खरिपाचे पीक घरात आलेले असते, हातात थोडा पैसा असतो आणि पालकांना एखादी संध्याकाळ काढता येते. तिसरे कारण परीक्षेचे. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. जानेवारीनंतर दहावीच्या मुलींना कोणी नाचू देत नाही. शिवाय ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची आणि १२ जानेवारीला जिजामातांची जयंती असते, त्यामुळे पुष्कळ शाळा याच सुमाराचा मुहूर्त धरतात. दहावीच्या मुलींच्या दृष्टीने पाहिले तर वर्षाचा खरा शेवट हाच. त्यानंतर उरतो तो अभ्यास आणि निरोप समारंभातले रडणे.

दोन उगम

मुलींनी चारचौघांसमोर उभे राहावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे एकेकाळी फार मोठा होता. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुढे १८५२-५३ च्या सुमारास त्यांच्या शाळांतील मुलींच्या जाहीर परीक्षा झाल्या आणि त्या पाहावयास लोकांची गर्दी लोटली. त्याच शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मुलगी लोकांसमोर उभी राहून उत्तर देते, तिने लिहिलेले लोक वाचतात, हेच त्या काळी नवल होते.

१८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. तेच आजचे हुजूरपागा. त्या काळात रमाबाई रानडे यांनी पुण्यातील एका जाहीर सभेत इंग्रजीत भाषण वाचले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांचा त्यांना केवढा रोष सोसावा लागला, हे त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितले आहे. १८८७ साली पुण्याच्या 'मराठा' पत्राने या हायस्कूलच्या वेळेवरच आक्षेप घेतला. अकरा ते पाच शाळा भरली तर मुलींनी घरकाम कधी करायचे, असा त्याचा रोख होता. हा वेळेचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

जाहीर परीक्षा व बक्षीस समारंभ हा संमेलनाचा एक उगम झाला. दुसरा उगम मला आपल्या घराच्या अंगणात दिसतो. नागपंचमीचे फेर, मंगळागौरीची फुगडी, झिम्मा आणि पिंगा, आश्विनातला हादगा किंवा भोंडला हे सारे बायकांचे आणि मुलींचे खेळ. ते शिकवायला कोणी गुरू लागत नाही आणि पाहायला पुरुष नसतात. संमेलनाने काय केले, तर अंगणातले हे खेळ उचलून व्यासपीठावर ठेवले आणि समोर खुर्च्या मांडल्या. परीक्षेचे धैर्य आणि अंगणातला आनंद यांची सांगड म्हणजे मुलींच्या शाळेचे संमेलन, असे मला वाटते.

कार्यक्रमपत्रिका

सर्वत्र कार्यक्रमाचा क्रम साधारण एकच असतो. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, मुख्याध्यापिकांचे अहवालवाचन, बक्षीस वितरण, पाहुण्यांचे भाषण, आभार आणि मग विविध गुणदर्शन. मुली शेवटच्या शब्दाकडे डोळे लावून बसलेल्या असतात आणि पाहुणे 'मी आपला फार वेळ घेणार नाही' असे म्हणून तो घेतातच.

यातील तीन गोष्टींची नोंद केली पाहिजे. पहिली, हस्तलिखित. वर्षभर मुलींनी लिहिलेल्या कविता, कोडी, प्रवासवर्णने चांगल्या अक्षराच्या मुलींकडून लिहवून घेऊन त्याचा एकच अंक बांधतात आणि पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन होते. एकच प्रत असल्याने ती कोणाला घरी मिळत नाही. तरी आपले नाव अनुक्रमणिकेत आहे हे पुढे कित्येक वर्षे लक्षात राहते. या लेखाच्या लेखिकेचे पहिले साहित्य तेथेच पडून आहे.

दुसरी, आनंदबाजार. मुलीच भेळ, वडापाव, ताक, चिंचेच्या गोळ्या विकतात. भांडवल घरून आणायचे, हिशेब वहीत मांडायचा, नफा वाटून घ्यायचा. व्याजाची गणिते ज्यांना कधी सुटली नाहीत, अशा मुलींना मी येथे सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करताना पाहिले आहे.

तिसरी, शेलापागोटे. शेला आणि पागोटे ही खरी मानाची वस्त्रे. पण येथे मान देण्याच्या मिषाने टोपी उडवायची असते. मुली एकमेकींवर आणि शिक्षकांवर दोन-चार ओळी रचून चिठ्ठ्या पेटीत टाकतात आणि त्यातील निवडक चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या जातात. वर्षभर जिच्या छडीला भ्यायचे, त्या बाईंनाही या दिवशी हसून ऐकून घ्यावे लागते. मात्र हे शस्त्र दुधारी आहे. एखाद्या मुलीच्या रंगावर, वजनावर किंवा गावाकडच्या बोलीवर चिठ्ठी निघाली की हशा सगळ्यांचा होतो आणि रडणे एकटीचे. चिठ्ठ्या आधी चाळून घेणाऱ्या बाई समजदार असतील तरच या प्रकारात गंमत राहते.

मिशीचा प्रश्न

मुलींच्या शाळेत नाटक बसवायचे तर पुरुषपात्रे कोणी करायची? अर्थात मुलींनीच. उंच, आवाजाने जरा जाड अशी मुलगी हेरली जाते, भुवयांच्या काजळाने मिशी काढली जाते आणि कोणाच्या तरी भावाचा सदरा मागून आणला जातो.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात याच्या नेमके उलटे घडले आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हापासून कित्येक दशके स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. १९११ साली 'मानापमान' आले आणि बालगंधर्वांची भामिनी महाराष्ट्रभर गाजली. त्यांच्या साड्या व दागिने पाहून घरंदाज बायका आपली वेशभूषा ठरवीत, असे सांगतात. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणले, त्यात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या सुशिक्षित घरातील स्त्रिया उभ्या राहिल्या आणि वारे फिरले. स्त्रियांच्याच काही नाटकमंडळ्याही होऊन गेल्या; त्यांत पुरुषांची कामे स्त्रिया करीत. मुलींच्या शाळेतील मिशीवाली पात्रे ही त्या मंडळ्यांची नातवंडेच म्हणावी लागतील.

यात एक शिक्षण आहे. मुलाची भूमिका करणारी मुलगी पाय फाकून उभी राहायला, खांदे न पाडता चालायला आणि मोठ्याने हुकूम सोडायला शिकते. एरवी घरी तिला 'हळू बोल' एवढेच ऐकावे लागते. नाटक संपले की मिशी पुसली जाते. पण मोठ्याने बोलण्याची सवय सगळीच्या सगळी पुसली जात नाही.

लेझीम आणि गोफ

लेझीम हा मूळचा तालमीतला, पुरुषांचा व्यायाम. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी आणि साखळीत वाजणाऱ्या चकत्या. 'चार आवाज', 'एक जागा', 'पवित्रा', 'दो रूख', 'आगे फलांग', 'मोरचाल' ही त्याच्या प्रकारांची हिंदुस्थानी नावेच आखाड्याची साक्ष देतात. आज हलगीच्या तालावर पन्नास मुली एकाच वेळी वाकतात आणि साखळ्यांचा एकच आवाज निघतो, तेव्हा हा खेळ त्यांचा नव्हता यावर विश्वास बसत नाही.

गोफाचे तंत्र अधिक बारीक आहे. वर एका कडीला रंगीत दोर किंवा साडीच्या लांब पट्ट्या बांधतात. आठ, दहा, बारा अशा सम संख्येने मुली खाली गोलात उभ्या राहतात. एका हातात पट्टीचे टोक आणि दुसऱ्या हातात टिपरी. एकाआड एक मुलींनी उजवीकडे तोंड करायचे, उरलेल्यांनी डावीकडे. गाणे सुरू झाले की समोरून येणाऱ्या पहिलीच्या बाहेरून जायचे, दुसरीच्या आतून, तिसरीच्या बाहेरून. असे चालत गेले की वर वेणी पडत जाते. वेणी खाली उतरते तसतशा पट्ट्या आखूड होतात आणि मुली एकमेकींच्या जवळ ओढल्या जातात. मग खरी परीक्षा. जागच्या जागी वळायचे आणि जिला सर्वांत शेवटी ओलांडले तिलाच पहिल्यांदा, जशी ओलांडली तशीच ओलांडीत मागे जायचे. विणताना एकीची जरी चूक झाली असेल, तरी ती विणताना कोणाच्या लक्षात येत नाही. उलगडताना मात्र नेमक्या त्या जागी गाठ बसते आणि सगळा गोफ अडतो.

गोफाचा आणखी एक नियम आहे. त्यात विषम संख्या चालत नाही. एक मुलगी गळली की दोन गळतात.

साडेपाचची गाडी

हा नियम मी पुस्तकात वाचलेला नाही. मी आठवीत असताना आमच्या वर्गाचा बारा जणींचा गोफ ठरला आणि त्यात माझी निवड झाली. आमचे गाव तालुक्यापासून चौदा किलोमीटर. पहिल्या आठवड्यात तालीम खेळाच्या तासाला होई, तोवर सारे ठीक चालले. पुढे ती शाळा सुटल्यावर, पाच ते साडेसहा ठेवण्यात आली. आमची एसटी साडेपाचला सुटे आणि त्यानंतरची रात्री साडेआठला. दोन दिवस मी पाच वाजून वीस मिनिटांपर्यंत नाचून स्टँडकडे पळाले. तिसऱ्या दिवशी बाईंनी मला बाजूला बोलावून सांगितले, 'बाळ, तू राहू दे.' त्या रागावल्या नव्हत्या. अकरा जणींचा गोफ होत नाही, म्हणून आणखी एकीला काढावे लागले. ती शाळेच्या मागच्याच आळीत राहणारी होती. रात्री नऊपर्यंत थांबली असती. वार्षिक परीक्षेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तिचे काही चुकले नव्हते, माझेही नव्हते. संमेलनाच्या दिवशी मी दुपारी रांगोळी काढली आणि साडेपाचच्या गाडीने घरी गेले. रंगमंचावरचा कार्यक्रम सायंकाळी सात वाजता सुरू झाला. तो गोफ मी पाहिलेला नाही.

हे रडगाणे म्हणून सांगत नाही. गेल्या डिसेंबरात निरीक्षण करताना मी सायंकाळच्या कार्यक्रमातील मुलींना त्या कोठून येतात हे विचारले. एसटीने येणारी एकच निघाली, आणि तीही तालमीच्या दिवसांत मावशीकडे मुक्कामाला राहिलेली. दुपारच्या रांगोळीत, हस्तकलेत आणि आनंदबाजारात मात्र गावाकडच्या मुलीच अधिक होत्या. गावाकडच्या मुलींना नाच येत नाही असे मुळीच नाही. फेर आणि फुगडी तर त्यांच्याच अंगणातली. मग निवड कोण करते? बाई करीत नाहीत, गुण करीत नाहीत. निवड करते ते एसटीचे वेळापत्रक. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, ही मोठीच सोय आहे. त्या पासावाचून माझ्यासारख्या पुष्कळ जणी शाळेत गेल्याच नसत्या. पण पास आपला असला तरी गाडीची वेळ आपली नसते. १८८७ साली 'मुलींची शाळा किती वाजेपर्यंत' यावर वाद झाला होता; आज शाळेचा प्रश्न सुटला आहे, शाळा सुटल्यानंतरच्या दीड तासाचा सुटलेला नाही.

प्रेक्षक

मी दहावीत असताना खेळाच्या नव्या बाई आल्या. त्यांनी तालमी मधल्या मोठ्या सुट्टीत आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठेवल्या आणि मुख्याध्यापिकांकडे हट्ट धरून कार्यक्रमही दिवसा, अकरा ते चार असा घेतला. त्या वर्षी दहा जणींचा गोफ झाला आणि त्यात आम्ही चौघी एसटीने येणाऱ्या होतो.

माझे वडील त्या दिवशी शाळेत आले. मी पाचवीत असताना नाव घालायला ते आले होते, त्यानंतर प्रथमच. प्रगतिपुस्तकावर ते सही करीत. पण त्यातील आकड्यांविषयी त्यांनी कधी काही विचारले नाही. विचारायचे काय, हेच त्यांना ठाऊक नव्हते. ते मंडपाच्या शेवटच्या बांबूला टेकून उभे होते. खुर्च्या रिकाम्या असूनही बसले नाहीत. गोफ उलगडून पट्ट्या मोकळ्या झाल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'दाव्याला असा पीळ घालतो आम्ही. पर उलगडायला जमत न्हाई आमाला. तुमी कसं केलं?' मी त्यांना बाहेरून-आतून, बाहेरून-आतून असे बोटांनी करून दाखवले. शाळेत मी काय शिकते हे आबांनी मला विचारले, असा तो पहिला प्रसंग.

म्हणून संमेलन म्हणजे नुसती करमणूक, अभ्यासाचा खोळंबा, असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही, त्या घराला शाळेची भाषा परकी असते. घटक चाचणी, श्रेणी, टक्के हे शब्द उंबऱ्याबाहेरच राहतात. संमेलनाच्या दिवशी मात्र शाळा त्या घराला कळेल अशा भाषेत बोलते : ताल, दोर, रांगोळी, ताकाचा हिशेब. त्या दिवशी आई-वडील शाळेला पारखून पाहतात. पुढे दहावीनंतर 'कॉलेजात घालायची का?' हा प्रश्न घरात निघाला, तेव्हा आबा म्हणाले, 'त्या शाळेच्या बायांनी सांगितलं तर घालू.' त्यांनी शाळेवर विश्वास टाकला तो गुणपत्रिका पाहून नव्हे, असे मला आजही वाटते.

समारोप

दिवसा कार्यक्रम घेण्याला अडचणी आहेत, हे मी नाकारीत नाही. सध्याच्या बाईंना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, दिवसा दिव्यांची शोभा येत नाही, पाहुणे सायंकाळीच मोकळे असतात आणि कामावर जाणाऱ्या पालकांचा रोज बुडतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिवाय तालमी घेणाऱ्या शिक्षिकांनाही घर असते. त्याही शाळा सुटल्यावर थांबतात, याची दखल कोणी घेत नाही.

तरी तीन गोष्टी करता येतील असे वाटते. आठवीपर्यंत कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचे तास वेळापत्रकात असतातच. संमेलनाआधीचे काही आठवडे ते सलग जोडून तालमीला द्यावेत. निदान एक समूहनृत्य केवळ एसटीने येणाऱ्या मुलींचे असावे आणि ते कार्यक्रमात सर्वांत आधी, दिवस मावळण्यापूर्वी व्हावे. आणि संमेलनाच्या दिवशी एक जादा गाडी सोडण्यासाठी शाळेने आगारप्रमुखांकडे अर्ज करावा. सहलीसाठी एसटी मिळते, तर संमेलनासाठी मागून पाहायला काय हरकत आहे?

माझी निरीक्षणे एका शाळेपुरती आहेत. आपल्या महाविद्यालयात निरनिराळ्या शाळांतून आलेल्या मैत्रिणी आहेत. त्यांनी आपापल्या शाळेच्या संमेलनात कोण नाचले आणि कोण साडेपाचला घरी गेले, एवढे आठवून पाहावे. आपल्याही महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची तयारी दरवर्षी होते. तालमीची वेळ ठरविताना समितीने, एक गळली की दोन गळतात, हा गोफाचा नियम ध्यानात ठेवावा, एवढीच विनंती.